जाड ब्लँकेटसाठी लोकर कोणती घ्यायची आणि सुई किती मिलिमीटरची?

तुमची अडचण मला समजली ती अशी. आईंसाठी क्रोशाचं जाड, ऊबदार ब्लँकेट करायचं आहे. त्यांना थंडी फार वाजते, पण जड पांघरूण पायांवर सहन होत नाही. तुम्ही 4 नंबरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचे दोन धागे एकत्र धरून, 6 मिलिमीटरच्या सुईने मुक्या खांबांचा (सगळ्यात बुटक्या, दाट टाक्याचा) एक तुकडा विणून पाहिलात आणि तो फळीसारखा ताठ झाला. आता दुकानातली सगळ्यात जाड, 7 नंबरची लोकर घ्यावी का, सुई कितीची लावावी आणि एकूण लोकर किती लागेल, हे तुम्हाला हवं आहे.

आधी एक सांगते. तुमचा तुकडा ताठ झाला त्यात तुमच्या हाताचा दोष नाही आणि लोकरही वाईट नाही. सुई लहान पडली आणि टाका दाट पडला, बस. पण त्याआधी ‘जाड’ या शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण खरी गाठ तिथेच आहे.

जाड म्हणताना आपण एका दमात तीन गोष्टी बोलतो: दिसायला भरदार, अंगावर ऊबदार आणि हाताला वजनदार. या तिन्ही एकत्र येतातच असं नाही. आईंना दुसरी हवी आहे, तिसरी अजिबात नको आहे आणि पहिली आली तर छानच. 7 नंबरची लोकर पहिली आणि तिसरी हमखास देते. दुसरीची खात्री नाही.

ऊब लोकरीत नसते, लोकरीच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. हवा जागच्या जागी थांबली की अंगाची उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. वीण गच्च आवळली की तंतू एकमेकांवर दाबले जातात, हवेला जागा उरत नाही, आणि वजन वाढूनही ऊब त्या मानाने वाढत नाही. उलट फार मोठ्या सुईने, भोकाभोकांचं विणलं तर हवा थांबतच नाही, आरपार निघून जाते. आपल्याला मधली जागा शोधायची आहे. टाके एकमेकांना टेकलेले, पण चेंगरलेले नाहीत, अशी.

आता लोकर. आपण गुंड्यातल्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतो, मग तो मेंढीचा असो, अ‍ॅक्रिलिक असो की सुती. ब्लँकेटच्या बाबतीत मात्र हा फरक पहिल्यांदा ठरवावा, जाडी नंतर. अ‍ॅक्रिलिक सगळ्यात हलकं: त्याच्या एका घन सेंटिमीटरचं वजन 1.17 ग्रॅमच्या आसपास, मेंढीच्या लोकरीचं 1.3 आणि सुताचं 1.5. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण ब्लँकेट म्हणजे शेकडो मीटर धागा, तिथे तो चांगला जाणवतो. शिवाय सुताचे तंतू लोकरीसारखे कुरळे नसतात. ते आपले आपण फुलून उभे राहत नाहीत, म्हणून हवाही कमी धरतात.

हे मी करून पाहिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी जाड सुती धाग्याचं, खांबांचं एक मोठं ब्लँकेट मी मोठ्या हौसेने विणलं. विणताना सुंदर दिसत होतं. पहिल्यांदा धुतलं तेव्हा त्याने इतकं पाणी धरलं की बादलीतून उचलताना दोन माणसं लागली. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनाने खाली ओढत गेलं आणि वाळल्यावर लांबीला वीतभर वाढलेलं निघालं. रुंदी तेवढीच कमी झाली होती. दोन महिन्यांचं काम होतं ते, आणि ज्या बाईंसाठी केलं त्यांना मांडीवर घेऊन बसवेना. तेव्हापासून जाड पांघरुणाला मी सुती धागा घेत नाही. उन्हाळी, पातळ पांघरुणाला सुती उत्तम.

मेंढीची लोकर उबेला सगळ्यात चांगली. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओलावा ती पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे अंगाखाली दमट वाटत नाही. पण साधी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आकसते आणि नमद्यासारखी घट्ट होते, ते परत सुटत नाही. आजारी किंवा वयस्कर माणसाचं पांघरूण वारंवार धुवावं लागतं, म्हणून घ्यायचीच तर ‘सुपरवॉश’ लिहिलेली घ्या. तिच्यावर प्रक्रिया केलेली असते, ती मशीनमध्ये अशी आटत नाही. एक मात्र पाहा: सुपरवॉश लोकर धुतल्यावर ढिली पडून थोडी पसरते. त्वचा नाजूक असेल तर गुंडा मानेच्या बाजूला, कानाखाली दोन मिनिटं धरून बघा. बोटांना मऊ लागलेली लोकर तिथे टोचू शकते.

अ‍ॅक्रिलिक हलकं, धुवायला सोपं, लवकर वाळणारं. ते घाम पोटात घेत नाही आणि हलक्या प्रतीचं असेल तर घासून घासून त्यावर बारीक गोळे धरतात. गुंड्यातला हातभर धागा ओढून तळव्यांमध्ये मिनिटभर जोरात चोळा. लगेच फुसफुशीत झाला तर ब्लँकेटचंही तेच होणार. आणि अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री कधीच ठेवू नका. उष्णतेने तंतू सपाट होतात, वीण लुळी पडते आणि ती पुन्हा फुलत नाही.

आईंचं वय, धुण्याची सोय आणि वजनाची अट धरली तर मी चांगल्या प्रतीचं अ‍ॅक्रिलिक घेईन, किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये थोडी लोकर मिसळलेला धागा. मखमली, म्हणजे शनील धागा हल्ली सगळ्यांना आवडतो, स्पर्श खरंच गोड असतो. पण त्यात टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून शोधावे लागतात, आणि तो उसवताना त्याची लव गळते. पहिल्याच मोठ्या कामाला तो घेऊ नये. पीळ नसलेली, कापसाच्या पेळूसारखी जाडजूड लोकरही टाळा. फोटोत ती देखणी दिसते, पण तंतू बांधलेले नसल्यामुळे रोजच्या वापरात फार लवकर विस्कटते.

जाडीकडे येऊ. लेबलवर 0 ते 7 असा आकडा असतो, तो जाडीचा. जाड ब्लँकेटसाठी विचारात घ्यायचे ते 4, 5 आणि 6. या पद्धतीत क्रोशासाठी सुचवलेली सुई साधारण अशी: 4 नंबरला 5.5 ते 6.5 मिलिमीटर, 5 नंबरला 6.5 ते 9, 6 नंबरला 9 ते 15, आणि 7 ला 15 पासून पुढे. लेबलवर ‘पदर’ किंवा ‘प्लाय’ लिहिलेलं असेल तर जपून. चारपदरी म्हणजे चार बारीक धागे एकत्र पिळलेले, पण ते मुळात किती बारीक हे त्यातून कळत नाही. ऑस्ट्रेलियाकडच्या लेबलवर ‘8 प्लाय’ हे तर सरळ एका जाडीचं नाव आहे, पदर मोजून ठेवलेलं नाही.

लेबल हरवलं असेल तर पट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळा, न ताणता, न दाबता. अडीच सेंटिमीटरमध्ये नऊ ते अकरा वेढे बसले तर साधारण 4 नंबर, सात-आठ बसले तर 5, पाच-सहा बसले तर 6. मला स्वतःला सगळ्यात जास्त विश्वास वाटतो तो मीटरवर. 100 ग्रॅमला 200 मीटरच्या आसपास असेल तर तो 4 नंबरचा, 100 ते 130 मीटर असेल तर 5 चा. हा हिशोब लोकर आणि अ‍ॅक्रिलिकसाठी. सूत जड असल्यामुळे त्याचे मीटर कमी भरतात.

आता तुमच्या तुकड्याचं कोडं सुटेल. दोन धागे एकत्र धरले की जाडी दुप्पट होते असं वाटतं. तशी ती होत नाही. धाग्याच्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणजे जाडी होते साधारण 1.4 पट. एका धाग्याला 5.5 ची सुई लागत असेल तर दोन धाग्यांना 5.5 गुणिले 1.4, म्हणजे 7.7. जवळची सुई 8 मिलिमीटर. मीटरनेही तेच येतं: 100 ग्रॅमला 200 मीटर असलेल्या धाग्याचे दोन पदर धरले की 100 ग्रॅमला 100 मीटर झाले, म्हणजे तुमच्या हातात 5 नंबरचा जाडसर धागा होता. त्याला तुम्ही 6 ची सुई लावलीत. फळी होणारच होती.

आणि त्यावर मुका खांब. सुई टाक्यात घालण्याआधी वेढा न घेता काढलेला हा बुटका टाका सगळ्यात दाट बसतो. टोपलीला, पिशवीला तो फार चांगला, पांघरुणाला क्वचितच. पूर्ण खांब उंच आणि मोकळा, पण जाड धाग्यात दोन खांबांच्या मधे फट पडते, त्यातून पायाची बोटं अडकतात आणि वाराही जातो. मी अशा कामाला अर्धा खांब घेते: एक वेढा, टाक्यातून धागा वर, आणि सुईवरचे तिन्ही फास एकदमच ओढून काढायचे. तो उंचीला मधला, अंगाने गुबगुबीत, फट न ठेवणारा. मागचा फासच उचलून अर्धा खांब घातलात तर आडव्या सुरकुत्यांसारखी रेघ येते आणि कापड आणखी लवचीक होतं. वॉफलची, म्हणजे चौकोनी खळग्यांची वीण पाहून मोह होईल. ती दिसते भरदार, ऊबही देते, पण लोकर अक्षरशः खाते आणि वजन वाढवते. आईंसाठी नको.

एखाद्या आकृतीवरून विणणार असाल तर ती अमेरिकन पद्धतीची आहे की ब्रिटिश, हे आधी पाहा. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात (आपला मुका खांब) तो ब्रिटिश डबल क्रोशे, आणि अमेरिकन डबल (आपला पूर्ण खांब) म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. हे उलटसुलट झालं की वीणही चुकते आणि लोकरीचा अंदाजही.

सुई शेवटी ठरवायची. लेबलवरचा आकडा ही सुरुवात आहे, निकाल नाही. लेबल लिहिणाऱ्याला तुमचा हात घट्ट आहे की सैल हे माहीत नसतं. माझा हात घट्ट आहे, मला जवळजवळ नेहमीच अर्धा ते एक मिलिमीटर मोठी सुई लागते. सुईवरचे इंग्रजी अक्षराचे आकार कंपनीगणिक बदलतात आणि जुन्या ब्रिटिश नंबरांत तर आकडा वाढला की सुई बारीक होते, म्हणून कायम मिलिमीटर पाहा.

तीन तुकडे विणा. एकच लोकर, एकच टाका, सुया तीन: 6.5, 8 आणि 10. प्रत्येक तुकडा बरोबर 15 बाय 15 सेंटिमीटर. अगदी लहान तुकडा खोटं बोलतो, कारण कडेचे टाके ओढलेले असतात. तुकडे धुवा, जसं ब्लँकेट पुढे धुणार आहात तसेच, आणि पूर्ण वाळू द्या. मग खिडकीपाशी बसून एकेक हातात घ्या.

6.5 चा तुकडा एका कोपऱ्याला धरून उचलला तर बाकीचे तीन कोपरे हवेतच राहतात, पुठ्ठ्यासारखे. घडी घातली तर घडी आपोआप उघडते. 8 चा तुकडा उचलला की खाली झुकतो, पण एकदम लोंबत नाही. तळहातावर टाकला तर बोटांच्या कडांवरून वळतो. उजेडासमोर धरला तर टाक्यांच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात, भोकं नाहीत. 10 चा तुकडा ओल्या फडक्यासारखा लोंबतो, दोन्ही हातांनी ताणला तर तिरका होतो आणि करंगळी आरपार जाते. वयस्कर माणसाच्या अंगठ्या, नखं अशा विणीत अडकतात. सैल वीण धुण्यात आकारही सोडते.

माझ्या वहीत 5 नंबरच्या अ‍ॅक्रिलिकचे आणि अर्ध्या खांबांचे आकडे असे आहेत: 6.5 च्या सुईचा तुकडा 20 ग्रॅम, 8 चा 16, 10 चा 13. तुमच्या लोकरीचे वेगळे येतील, पण क्रम हाच राहील. एकच लोकर, एकच आकार, आणि फक्त सुई बदलल्याने वजनात इतका फरक.

आता याच वजनातून सगळं काम निघतं. आईंना सध्या जे पांघरूण वजनाला सोसतं ते घडी घालून काट्यावर ठेवा. काटा लहान असेल तर पांघरूण हातात घेऊन स्वतः वजनकाट्यावर उभं राहा आणि नंतर स्वतःचं वजन वजा करा. समजा ते दीड किलो भरलं. तुमचं ब्लँकेट 120 बाय 150 सेंटिमीटर, म्हणजे 18,000 चौरस सेंटिमीटर. तुकडा 225 चौरस सेंटिमीटर. ब्लँकेटमध्ये असे 80 तुकडे बसतात. दीड किलोला 80 ने भागलं की 18.75 ग्रॅम. म्हणजे तुमचा तुकडा पावणेएकोणीस ग्रॅमच्या आत हवा. माझा 6.5 चा तुकडा इथेच बाद झाला असता, 8 चा आरामात पास. विणण्याआधी, एका बैठकीत कळतं की हे ब्लँकेट आईंना जड होणार की नाही.

लोकर किती, हेही त्यातच आलं. 16 ग्रॅमचे 80 तुकडे म्हणजे 1,280 ग्रॅम. काठ, टोकं आणि चुकलेल्या ओळींसाठी वर दहा टक्के धरा: 1,408. 100 ग्रॅमचे पंधरा गुंडे घ्या. एक धोका सांगते. काट्याची एका ग्रॅमची चूक इथे 80 ने गुणली जाते. स्वयंपाकघरातला काटा फार बारीक नसेल तर तुकडा 20 बाय 20 चा करा, मग 45 ने गुणावं लागेल आणि चूक जवळजवळ निम्म्यावर येईल. सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच रंगलॉटचे, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेले घ्या. लॉटचा नंबर लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी असतो. दुकानातल्या दिव्यात सारखे दिसलेले दोन लॉट ब्लँकेटवर दिवसाउजेडी पट्टा मारतात.

टाके मोजायचे ते तुकड्याच्या मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये, धुतल्यानंतर. 10 सेंटिमीटरला 9 टाके आले तर 120 सेंटिमीटरला 108. पण मोजताना चूक झाली आणि खरे 10 येत असतील तर तेच 108 टाके 108 सेंटिमीटरच भरतील. एका टाक्याच्या चुकीने ब्लँकेट बारा सेंटिमीटर अरुंद होतं, आणि हे लक्षात येतं तेव्हा चार गुंडे संपलेले असतात. म्हणून मी दोन वेगळ्या जागी मोजते.

सुरुवातीची साखळी एक नंबर मोठ्या सुईने घाला, 8 ने विणणार असाल तर 9 ने. साखळी जवळजवळ सगळ्यांच्याच हातून आवळली जाते आणि मग ब्लँकेटची खालची कड आत ओढलेली दिसते. काठाच्या दोन ओळींना मात्र अर्धा-एक मिलिमीटर लहान सुई, म्हणजे कड लाटेसारखी फुलत नाही. नवा गुंडा ओळीच्या टोकाला जोडा, मधेच नाही. जाड लोकरीत लपवलेलं टोक मधोमध गाठीसारखं हाताला लागतं, आणि झोपलेल्या माणसाला ते जास्तच टोचतं. टोक वीतभर ठेवून तीन दिशांना फिरवून ओवा.

जाड सुई हाताला थकवते. पेनासारखी धरून विणायची सवय असेल तर 8 च्या पुढे मनगट दुखतं. सुरीसारखी, तळव्यात धरून बघा, जोर बोटांऐवजी हातावर येतो. आणि ब्लँकेट अर्धं झालं की मांडीवर न ठेवता टेबलावर ठेवा, नाहीतर प्रत्येक टाक्याला त्याचं वजन तुम्ही उचलत राहता.

तुमच्याकडे असलेली लोकर वाया गेलेली नाही. तो ताठ तुकडा उसवा, तेच दोन धागे घ्या, सुई 8 ची लावा आणि अर्धा खांब घाला. नवीन काही विकत घेण्याआधी हा एक तुकडा कराच. वाळल्यावर तो आईंच्या हातात द्या, गालाला लावू द्या, गुडघ्यावर ठेवा आणि त्या काय म्हणतात ते ऐका. नंतर त्या तुकड्याचं वजन आणि 10 सेंटिमीटरमधले टाके मला कळवा, साखळी किती घालायची ते मी मोजून सांगते.